जुन्या हलक्या विमानात नवं एव्हियॉनिक्स बसवताना: पडद्याआधी वीज, तारा आणि अँटेना

१९६० आणि ७०च्या दशकांत बनलेली सेस्ना १७२, पायपर चेरोकी, बीचक्राफ्ट बोनान्झा ही विमानं आजही मोठ्या संख्येने उडतात. सांगाडा भक्कम असतो, इंजिन ओव्हरहॉल झालेलं असतं. पॅनेल मात्र अजून त्याच काळातलं: व्हॅक्यूमवर फिरणारे जायरो (विमानाचा कल आणि दिशा दाखवणारी उपकरणं), ज्याची जमिनीवरची स्टेशनं एकेक करून बंद होत चालली आहेत तो दिशा दाखवणारा एडीएफ रिसीव्हर, आणि आवाज तुटणारा रेडिओ. असं विमान घेतलेला मालक एव्हियॉनिक्स, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं, बदलायची म्हणून सर्वात आधी डिस्प्ले निवडायला बसतो. आमचा आग्रह उलटा आहे. डिस्प्ले सर्वात शेवटी निवडा. ही कामं रखडतात किंवा खर्च हाताबाहेर जातो तो पडद्यामागच्या गोष्टींमुळे: अपुरी वीज, पन्नास वर्षांच्या तारा, चुकीच्या जागी बसवलेले अँटेना आणि पॅनेलमागे न मावणारा डबा. त्यामुळे हा लेखही मागून पुढे येतो.

आधी परवानगीचा प्रश्न

प्रमाणित विमानात कुठलंही उपकरण बसवायचं तर त्या मॉडेलसाठी त्याला मान्यता हवी. अमेरिकेत ही मान्यता बहुधा एसटीसीच्या, म्हणजे बदलासाठीच्या पूरक प्रमाणपत्राच्या, रूपात मिळते, आणि आता अनेक उपकरणांच्या एसटीसीला मान्यताप्राप्त मॉडेलांची लांबलचक यादी जोडलेली असते. त्या यादीत आपल्या विमानाचं नेमकं मॉडेल आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहा. ‘१७२’ एवढं पुरेसं नाही, पुढचं अक्षरही जुळलं पाहिजे. मोठ्या बदलाची नोंद एफएए या तिथल्या नियामकाच्या ३३७ क्रमांकाच्या फॉर्मवर होते आणि त्यावर तपासणीचा अधिकार असलेल्या मेकॅनिकची सही लागते. युरोपात साध्या बदलांसाठी ईएएसए या तिथल्या नियामकाचे सीएस-स्टॅन हे ठरीव नमुने आहेत. इतर देशांत तिथल्या नियामकाला विचारावं लागतं, आणि परदेशातली एसटीसी आपोआप चालते असं गृहीत धरू नये.

इथे नवख्यांची हमखास फसगत होते. तोच पडदा, तेच नाव, पण एक आवृत्ती प्रमाणित विमानांसाठी आणि दुसरी घरी बांधलेल्या प्रायोगिक विमानांसाठी. दुसरी बरीच स्वस्त असते आणि दिसायला सारखीच. ती प्रमाणित विमानात बसवली तर विमान उड्डाणयोग्य राहत नाही, मग उपकरण कितीही उत्तम चालो.

मालकाने स्वतः किती हात लावायचा हेही आधीच ठरवा. अनेक ठिकाणी परवानाधारकाच्या देखरेखीखाली मालकाला काम करता येतं. जुनं काढणं, साफसफाई, वजनं घेणं, नोंदी करणं ही कामं मालकाने केली तर वर्कशॉपचे बरेच तास वाचतात. पण सही करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून सामील करून घ्या. झाकलेल्या कामावर सही करायला कोणी शहाणा माणूस तयार होत नाही.

सक्तीचं काय आहे तेही आधी बघा, कारण पैसा पहिल्यांदा तिथेच जाणार. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून ठरावीक हवाई क्षेत्रांत एडीएस-बी आउट, म्हणजे विमानाची जागा सतत प्रसारित करणारी यंत्रणा, लागते. तिथे १८,००० फुटांखाली ९७८ मेगाहर्ट्झवरचं यूएटी हे त्यासाठीचं उपकरण चालतं, त्यावर आणि बहुतेक इतर देशांत १०९० मेगाहर्ट्झचा ट्रान्सपाँडरच (रडारला विमानाची ओळख देणारा डबा) हवा. युरोपात रेडिओला ८.३३ किलोहर्ट्झची चॅनेलं जमली पाहिजेत, त्यामुळे २५ किलोहर्ट्झचा जुना रेडिओ तिथे जवळपास निकामीच. आणि विमानात अजून १२१.५ मेगाहर्ट्झचा ईएलटी (अपघातात आपोआप हाक देणारा ट्रान्समीटर) असेल तर उपग्रह त्याची हाक १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकत नाहीत. ४०६ मेगाहर्ट्झचा ईएलटी डिस्प्लेच्या आधी यादीत घाला.

विमानात नेमकं काय आहे

पॅनेलची प्लास्टिकची झाकणं, सीट आणि बाजूचे पत्रे काढा, टॉर्च घ्या आणि दिसेल त्या प्रत्येक डब्याची नोंद करा: नाव, मॉडेल, कुठल्या ब्रेकरवर आहे, कुठल्या अँटेनाला जातो. फोटो भरपूर काढा, प्रत्येक फोटोत स्टीलची पट्टी ठेवा म्हणजे मापं नंतरही मिळतात. जुन्या विमानात हमखास सापडतात त्या मृत तारा. कधीतरी काढून टाकलेल्या उपकरणाचा जुडगा कापून, टोकाला टेप गुंडाळून तसाच सोडलेला. त्यातल्या एखाद्या तारेत अजून वीज असू शकते.

मग ही चार मापं घ्या.

सिस्टीमचं व्होल्टेज. १४ की २८? सेस्ना १७२ ही १९७८ च्या मॉडेलपासून २८ व्होल्टची झाली, त्याआधीची १४ ची. आजची बहुतेक उपकरणं दोन्हीवर चालतात. दिवे, रिले आणि काही जुने रेडिओ चालत नाहीत.

चार्जिंगचा स्रोत. जनरेटर की अल्टरनेटर, आणि त्याची क्षमता किती ॲम्पिअर. पायपर कबसारख्या विमानात मुळात वीजच नसते. तिथे बॅटरीवरचा हातातला रेडिओ आणि स्वतःची बॅटरी असलेली छोटी उपकरणं हाच मार्ग.

छिद्रांचं माप. गोल उपकरणांची दोन प्रचलित मापं आहेत, ३ १/८ इंच आणि २ १/४ इंच. रेडिओंच्या रांगेची रुंदी साधारण ६ १/४ इंच. ३ १/८ च्या छिद्रात बसणारी डिजिटल उपकरणं, उदाहरणार्थ गार्मिन जी५ किंवा जीआय २७५, याच कारणाने जुन्या विमानांत सोयीची पडतात: पत्रा न कापता जायरोच्या जागी बसतात.

पॅनेलमागची खोली. हे माप बहुतेक जण विसरतात. पॅनेलमध्ये बसणारे जीपीएस-रेडिओ ११ इंचांच्या आसपास खोल असतात, त्यामागे कनेक्टर आणि कोॲक्सला (अँटेनाच्या केबलला) वळायला जागा लागते. सेस्ना आणि पायपर या दोन्हींत पॅनेलमागे योकची, म्हणजे विमान वळवायच्या हँडलची, यंत्रणा हलत असते. योक पूर्ण आत ढकलून, मग पूर्ण डावी-उजवीकडे फिरवून उरलेली जागा मोजा. योक ओढलेल्या स्थितीत घेतलेलं माप निरुपयोगी आहे.

विजेचा हिशोब

नियम सरळ आहे: सतत चालणारा एकूण भार अल्टरनेटरच्या नोंदलेल्या क्षमतेच्या ८० टक्क्यांवर जाऊ नये. ६० ॲम्पिअरच्या अल्टरनेटरला ४८, ३५ च्या जनरेटरला २८. आता सर्वात वाईट प्रसंग धरा, म्हणजे रात्र, थंडी, ढग, आणि कागदावर बेरीज करा. एका ठरावीक १४ व्होल्टच्या विमानाचा नमुना असा: नेव्हिगेशन दिवे ६, बीकन ४, लँडिंग लाइट ८, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) ८, पॅनेलचे दिवे २, ट्रान्सपाँडर १.५, जीपीएस-रेडिओ ३, दोन डिस्प्ले २, ऑडिओ पॅनेल १.५. बेरीज ३६ ॲम्पिअर. अल्टरनेटरला हे जड नाही, जनरेटरला झेपणार नाही.

या आकड्यांकडे नीट पाहिलं तर उपाय त्यातच दिसतो. नवं एव्हियॉनिक्स मिळून ८ ॲम्पिअरच खातं. खरा भार दिव्यांचा आहे. नेव्हिगेशन दिवे, बीकन आणि लँडिंग लाइट मान्यताप्राप्त एलईडीचे केले आणि ते अनुक्रमे १, १ आणि ३ ॲम्पिअरवर आले, तर १३ ॲम्पिअर वाचतात आणि बेरीज २३ होते. म्हणजे जुना जनरेटरही कागदावर पुरतो. कागदावर, कारण जनरेटर आयडलवर, म्हणजे इंजिन सर्वात मंद फिरताना, जवळजवळ काहीच देत नाही. रात्री विमान जमिनीवर लांबवर चालवत नेताना (टॅक्सी करताना) सगळं बॅटरीवर चालतं. रात्रीचं किंवा उपकरणांवरचं उड्डाण करायचं असेल तर जनरेटर काढून अल्टरनेटर बसवा, आणि ते एव्हियॉनिक्सच्या आधी.

नुसत्या बेरजेवर विसंबू नका, तारांमध्ये पडणारं व्होल्टेजही मोजा. मोठा भार चालू करून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं पॅनेलच्या बसबारला, म्हणजे सगळ्यांना वीज वाटणाऱ्या पट्टीला, लावा. १४ व्होल्टच्या विमानात सतत भारावर बसपासून उपकरणापर्यंत अर्ध्या व्होल्टहून जास्त पडू नये, २८ मध्ये एक व्होल्ट; बॅटरी ते बस या टप्प्यात तर त्याहून बरंच कमी पडायला हवं. जास्त दिसलं तर टप्प्याटप्प्याने मोजत जा: केबल, मास्टर रिले, अमीटर, स्विच. मग मायनसची बाजू: बॅटरीची अर्थिंगची पट्टी जिथे सांगाड्याला लागते तिथला गंज हा नेहमीचा गुन्हेगार. जुन्या पायपर चेरोकीत बॅटरीच्या केबल ॲल्युमिनियमच्या असत. त्यांची टोकं आतून गंजतात, बाहेरून दिसत नाही. त्या तांब्याच्या करून घ्या. स्टार्टरही जोमाने फिरू लागतो, तो वरचा फायदा.

व्होल्टेज रेग्युलेटर जुना यांत्रिक असेल आणि जास्त व्होल्टेजपासून संरक्षण नसेल तर तेही आत्ताच. व्होल्टेज सुसाट सुटलं तर जुना रेडिओ तग धरेलही, नवा डिस्प्ले धरेलच असं नाही.

जुनं काढताना

काढलेली प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर ठेवा आणि ती डेटमपासून (अंतरं मोजायच्या ठरलेल्या बिंदूपासून) किती अंतरावर होती ते लिहा: डबा, ट्रे, तारांचा जुडगा, व्हॅक्यूमच्या नळ्यासुद्धा. हे काम नंतर अंदाजाने करता येत नाही.

जुन्या तारेला नवी तार जोडून काम भागवण्याचा मोह टाळा. त्या काळच्या तारांवर पीव्हीसीचं आवरण असे. ते कडक होऊन तडकतं आणि जळलं तर विषारी धूर सोडतं. उपकरण जातंय तर त्याच्या तारा ब्रेकरपासून अँटेनापर्यंत पूर्ण काढा. ओढून काढू मात्र नका. ओढताना शेजारच्या चांगल्या तारेचं आवरण सोललं जातं. बांधलेल्या गाठी एकेक कापून सोडवा. एडीएफची छतापासून शेपटीपर्यंत ताणलेली तार काढली की तिथली छिद्रं पत्र्याच्या तुकड्याने नीट बंद करून घ्या. सीलंट भरून वेळ मारून नेली तर पाणी आत शिरतंच.

नवे हार्नेस

तार एम२२७५९/१६ या जातीची, म्हणजे टेफझेल आवरणाची आणि कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्या. गाड्यांच्या दुकानातली तार नको. ब्रेकर उपकरणाला वाचवत नाही, तो तारेला वाचवतो. म्हणून तारेच्या जाडीवरून ब्रेकर ठरतो: २२ गेजला जास्तीत जास्त ५ ॲम्पिअर, २० ला ७.५, १८ ला १०, १६ ला १५. उपकरणाचं मॅन्युअल यापेक्षा जाड तार सांगत असेल तर मॅन्युअल खरं.

हार्नेस, म्हणजे कनेक्टरसकट तारांचा जुडगा, टेबलावर बनवा, विमानात वाकून नाही. क्रिम्पिंगसाठी, म्हणजे पिन तारेवर दाबून बसवायला, चारही बाजूंनी दाबणारं, रॅचेट असलेलं हत्यार हवं. डी-सब पिनांसाठी एम२२५२०/२-०१ हे प्रचलित आहे, सोबत त्या पिनेचा पोझिशनर (पिन योग्य जागी धरणारा भाग) लागतो. बाजारातली बहुउपयोगी पक्कड वापरून दाबलेली पिन आज चालते आणि सहा महिन्यांनी कंपनाने अधूनमधून तुटायला लागते. अधूनमधून येणारा दोष शोधण्याइतकं त्रासदायक काम एव्हियॉनिक्समध्ये दुसरं नाही. प्रत्येक पिन क्रिम्प केल्यावर तपासणीच्या भोकातून तारेचे धागे दिसतात का पाहा, हाताने ओढा, कनेक्टरमध्ये टचकन बसल्यावर पुन्हा हलकेच ओढा. दोन्ही टोकांना लेबल लावा. कनेक्टर जोडण्यापूर्वी प्रत्येक तारेची सलगता तपासा. मग डबे बसवण्याआधी वीज चालू करून प्रत्येक कनेक्टरच्या कुठल्या पिनेवर किती व्होल्ट आहेत ते ड्रॉइंगशी जुळवा. एका चुकीच्या पिनेवर १४ व्होल्ट आले तर नवा डबा पहिल्याच क्षणी जातो आणि वॉरंटीत बसत नाही.

विमानात तारा ओढताना: जास्तीत जास्त २४ इंचांवर एक क्लॅम्प. दोन क्लॅम्पमध्ये बोटाने दाबल्यावर अर्धा इंच हलेल इतकाच ढिलेपणा. कंट्रोल केबलपासून ३ इंच अंतर. इंधनाच्या नळीला समांतर जायचंच असेल तर ६ इंच दूर, आणि तारा नेहमी नळीच्या वर, म्हणजे गळती झाली तर तारांवर ठिबकणार नाही. पत्र्याच्या प्रत्येक भोकात ग्रॉमेट (रबरी कडं). नायलॉनच्या पट्ट्या वापरल्यात तर टोक अगदी सपाट कापा. तिरकं कापलेलं टोक शेजारची तार सोलतं आणि पुढच्या मेकॅनिकचा हातही.

शिल्डचं, म्हणजे तारेवरच्या धातूच्या जाळीचं, टोक कुठे जोडायचं हे अंदाजाने ठरवू नका. ऑडिओच्या तारांत ते साधारणपणे एकाच टोकाला जोडतात, डेटाच्या काही तारांत दोन्ही टोकांना. प्रत्येक उपकरणाचं मॅन्युअल सांगतं तसंच.

हेडसेटचे जॅक ही छोटीशी गोष्ट. माइक आणि फोनचे जॅक सांगाड्याला चिकटता कामा नयेत. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना फायबरच्या इन्सुलेटिंग वॉशर लागतात, आणि ग्राउंड वेगळ्या तारेने ऑडिओ पॅनेलपर्यंत परत नेतात. एक वॉशर राहून गेली तर हेडसेटमध्ये अल्टरनेटरची शीळ ऐकू येते आणि लोक महागडे फिल्टर विकत घेत बसतात. मीटर लावा: तारा सोडलेल्या जॅकच्या बाहेरच्या भागापासून पॅनेलपर्यंत सर्किट उघडं दिसलं पाहिजे.

अँटेना आणि कोॲक्स

नवा रेडिओ जुन्या अँटेनाला जोडून तक्रार करणारे खूप. जुना आरजी-५८ कोॲक्स काढा, आरजी-४०० घाला: दुहेरी शिल्ड, टेफ्लॉनचं इन्सुलेशन. १ गिगाहर्ट्झच्या आसपास यात मीटरमागे साधारण अर्धा डेसिबल जातो, त्यामुळे ट्रान्सपाँडरची केबल जितकी आखूड तितकी बरी. जीपीएसचं उलट: तिथे काही रिसीव्हर केबलमध्ये किमान इतकी घट हवीच असंही सांगतात, कारण अँटेनातच ॲम्प्लिफायर असतो. फार आखूड केबलही चालत नाही. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या सहापटीहून कमी नको.

जागा ठरवताना एवढं पाळा. ट्रान्सपाँडरचा अँटेना पोटाखाली, एक्झॉस्ट आणि चाकांच्या सावलीपासून दूर. त्याची काडी जेमतेम ६९ मिलिमीटर असते, तेलाचा थर चढला की काम बिघडतं. जीपीएसचा अँटेना छतावर, शक्य तितका सपाट, रेडिओच्या अँटेनापासून किमान दोन फूट. तो जीपीएस एसबीएएस (उपग्रहांवरून अचूकता वाढवणारी सोय) असलेला असेल तर जुना अँटेना बहुधा चालत नाही, त्याच्या मान्यताप्राप्त यादीतलाच घ्या.

अँटेनाच्या बुडाखालचा पत्रा रंग घासून चकचकीत करा, ॲलोडाइनसारखा वाहक लेप द्या, बसवून झाल्यावर बुड ते सांगाडा हा रोध मिलीओहममध्ये मोजा. अडीचच्या आत हवा. साधं मल्टिमीटर इतकं बारीक मोजू शकत नाही, मिलीओहम मीटर लागतो. मग कडेने सीलंट, खाली नाही. आतल्या बाजूने डब्लर, म्हणजे मजबुतीचा जादा पत्रा, लावायलाच हवा, नाहीतर हवेच्या दाबाने हलणारा अँटेना वर्षा-दोन वर्षांत पत्र्याला तडा पाडतो. कापड चढवलेल्या विमानात अँटेनाखाली धातूचा पत्रा किंवा फॉइल घालून ग्राउंड प्लेन बनवावं लागतं, निदान पाव तरंगलांबीच्या त्रिज्येचं. रेडिओसाठी ते ६० सेंटीमीटरच्या आसपास येतं. हे नसेल तर कुठलाही रेडिओ दूरवर पोचत नाही.

शेवटी प्रत्येक रेडिओ अँटेनाचा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो त्याचं माप) मोजा, बँडच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या टोकाला. दोनच्या आत उत्तम. तीनच्या वर गेला तर कनेक्टर पुन्हा उघडा.

पॅनेल

बऱ्याच विमानांत मधला पत्रा रबरी शॉक माउंटवर तरंगत असतो. रबरातून वीज जात नाही, त्यामुळे पॅनेल ते सांगाडा अशी विणलेली बाँडिंगची पट्टी लागते. माउंट जुने होऊन लोंबलेले असतील तर तेही बदला. नवीन पत्रा कापण्याआधी कुठला भाग सांगाड्याचा भार घेतो ते मेकॅनिककडून समजून घ्या. बाहेरची चौकट बहुधा भार घेते, तिला मान्यताप्राप्त आराखड्याशिवाय छिद्र पाडायचं नाही.

ट्रे बसवले, तारा बांधल्या की योक, रडर आणि ट्रिम पूर्ण मर्यादेपर्यंत फिरवा, दुसऱ्या माणसाने टॉर्च घेऊन पॅनेलमागे पाहत. कुठेही तार घासली, अडकली किंवा ताणली गेली तर विमान उडत नाही. हे पुन्हा शेवटच्या झाकणाआधीही करायचं. रेडिओंच्या रांगेमागे थंड हवेचा पंखा घाला. उन्हात उभ्या विमानात उष्णतेनेच डबे मरतात.

व्हॅक्यूम ठेवायचा का

कोरडा व्हॅक्यूम पंप आधी इशारा देत नाही. आतली कार्बनची पाती मोडली की पंप एका झटक्यात थांबतो आणि जायरो हळूहळू कलंडतो, तेही ढगात लक्षात येणार नाही इतक्या संथपणे. म्हणून दोन स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक उपकरणं बसवून, ज्यातल्या निदान एकाला स्वतःची बॅटरी आहे, व्हॅक्यूम पूर्ण काढणं आम्हाला जास्त सुरक्षित वाटतं. एसटीसीने तशी परवानगी दिली असेल तरच. पंप काढल्यावर इंजिनाच्या त्या जागेवर झाकण आणि नवं गॅस्केट लागतं, नाहीतर तेल जातं. विमानाचा ऑटोपायलट जुन्या जायरोकडून माहिती घेत असेल तर आधी त्याचा विचार करा. जायरो काढल्याबरोबर तो आंधळा होतो.

पिटो-स्टॅटिक आणि होकायंत्र

नळ्या उघडल्या की गळती चाचणी आलीच. दाबविरहित विमानात स्टॅटिक सिस्टीममधून (बाहेरच्या हवेचा दाब उपकरणांना पोचवणाऱ्या नळ्यांमधून) हवा ओढून अल्टिमीटर १,००० फूट वर नेतात. एका मिनिटात १०० फुटांहून जास्त खाली येता कामा नये. गळती बहुधा जुन्या कडक नळीच्या टोकाला किंवा न वापरलेल्या टी-जोडाला असते. उपकरणं जोडलेली असताना नळीत तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने हवा मारू नका, एअरस्पीडचं आतलं डायफ्रॅम फाटतं.

डिजिटल उपकरणांचा, दिशा ओळखणारा मॅग्नेटोमीटर सहसा पंखाच्या टोकाला बसतो. स्क्रू पितळी किंवा अचुंबकी घ्या. बसवल्यावर दिवे, स्ट्रोब, पिटो हीट, फ्लॅपची मोटर एकेक चालू-बंद करत दिशा सरकते का पाहा. नेव्हिगेशन दिव्याचा परतीचा प्रवाह सांगाड्यातून जात असेल तर ती नेमकी सरकते. दिव्याला स्वतंत्र ग्राउंडची तार दिली की बहुधा सुटतं. पॅनेलवरच्या साध्या होकायंत्राचंही नव्याने स्विंग करून, म्हणजे प्रत्येक दिशेला चूक किती ते तपासून, कार्ड लिहा.

जमिनीवरची चाचणी

जीपीएसला उपग्रह मिळाल्यावर रेडिओवर एकेक करून १२१.१५०, १२१.१७५, १२१.२००, १३१.२५०, १३१.२७५ आणि १३१.३०० मेगाहर्ट्झवर ३० सेकंदांपर्यंत ट्रान्समिट करा, आधी ती फ्रीक्वेन्सी रिकामी आहे का ऐकून. पहिल्या तिघांचा तेरावा आणि पुढच्या तिघांचा बारावा हार्मोनिक (तितक्या पटीची फ्रीक्वेन्सी) जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या अगदी लगत पडतो. जीपीएसने उपग्रह सोडले तर अँटेनांमधलं अंतर, कोॲक्सचे कनेक्टर आणि ईएलटीची केबल या क्रमाने तपासा. ईएलटी कधी कधी तो सिग्नल पकडून पुन्हा फेकतो.

ट्रान्सपाँडरमध्ये २४ बिटांचा पत्ता भरताना सावध. तो आठ अंकी ऑक्टल (८ च्या पायावरचा) आणि सहा अक्षरी हेक्साडेसिमल (१६ च्या पायावरचा) अशा दोन रूपांत लिहिला जातो. एक रूप दुसऱ्याच्या जागी भरलं की आपलं विमान आकाशात दुसऱ्याच्याच नावाने फिरतं. फ्लाइट आयडी नोंदणी क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. अमेरिकेत पहिल्या उड्डाणानंतर एफएएकडून एडीएस-बीच्या कामगिरीचा अहवाल मोफत मागवता येतो, तो मागवाच.

हेडसेटमध्ये आवाज येत असेल तर आधी नीट ऐका. आरपीएमबरोबर चढणारी शीळ म्हणजे अल्टरनेटर किंवा ग्राउंड लूप. आरपीएमबरोबर वाढणारी टिकटिक म्हणजे मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र). एकेक मॅग्नेटो बंद करून कुठला ते कळतं, आणि बहुधा त्याच्या पी-लीडच्या (मॅग्नेटो बंद करणाऱ्या तारेच्या) शिल्डचं टोक सुटलेलं असतं. एका ठरावीक अंतराने फटफट म्हणजे स्ट्रोब.

वजन आणि कागद

नवी उपकरणं हलकी असतात, आणि यात एक गोम आहे. समजा रिकामं विमान ६४० किलो, भारकेंद्र डेटमच्या मागे १.००० मीटरवर, मोमेंट (वजन गुणिले अंतर) ६४०. पॅनेलमधून, म्हणजे ०.४० मीटरवरून, १४ किलो काढलं आणि ६ किलो बसवलं. वजन ६३२, मोमेंट ६३६.८, भारकेंद्र १.००८ मीटर. विमान हलकं झालं, पण केंद्र ८ मिलिमीटर मागे सरकलं. मागच्या सीटवर माणसं आणि सामान भरून मागच्या मर्यादेला टेकणाऱ्या विमानात हा फरक मोजावाच लागतो. शक्य असेल तर गणितावर न थांबता विमान पुन्हा प्रत्यक्ष तोलून घ्या; जुन्या नोंदींत दशकांच्या चुका साचलेल्या असतात.

फाइलमध्ये जायचे कागद: बदलाची मान्यता, नवं वजनपत्रक, उपकरणांची यादी, फ्लाइट मॅन्युअलच्या पुरवण्या, देखभालीच्या सूचना, आणि प्रत्यक्षात जसं जोडलं तसं तारांचं ड्रॉइंग. आराखड्यातलं जसंच्या तसं छापून ठेवू नका. ऐनवेळी बदललेली पिन, हलवलेला ब्रेकर त्यात दिसला पाहिजे. सगळ्या सेटिंगच्या पानांचे फोटोही सोबत ठेवा, उपकरण दुरुस्तीला जाऊन परत आलं की ते कोऱ्या सेटिंगने येतं.

पहिलं उड्डाण दिवसा, स्वच्छ हवेत, विमानतळाच्या आसपास. दोघे बसा: एकाने फक्त विमान उडवायचं, बाहेर बघायचं, दुसऱ्याने बटणं दाबायची. सुरक्षित उंचीवर अल्टरनेटर बंद करून काय चालू राहतं आणि डिस्प्ले स्वतःच्या बॅटरीवर किती वेळ तगतो ते घड्याळ लावून पाहा. २५ तासांनंतर झाकणं पुन्हा उघडा: क्लॅम्प सैल झालेत का, तारा कुठे घासल्यात का, अँटेनाभोवतीच्या रिव्हेटांशी काळी रेघ उमटली आहे का. ती रेघ म्हणजे पत्रा हलतोय. डब्लर कमी पडला आहे, आणि तो तडा जायच्या आधी बदलायचा.